एकवीस पेशींचे नाक

उन्हाळ्यात घरी आणलेला केळ्यांचा घड दोन दिवसांत पिकतो. चौथ्या दिवशी त्याच्या सालीवर काळे डाग उमटतात आणि पाचव्या दिवशी कोठून तरी चिलटे येऊन त्याभोवती घिरट्या घालू लागतात. घरातले कोणी तरी हाताने ती हाकलते, घड उचलून बाहेर टाकते आणि विषय तेथेच संपतो. परंतु टाकून दिलेल्या त्या केळ्याच्या मऊ गरात एव्हाना अंडी घातली गेलेली असतात. आणखी एक दिवस उलटला की त्यांतून जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या पांढुरक्या अळ्या बाहेर पडतात. सर्वसामान्य माणसाला या अळीविषयी किळसेपलीकडे काही वाटत नाही. तिला नाक आहे काय, तिला चव कळते काय, तिला काही शिकवता येईल काय, असले प्रश्न कोणी विचारलेच, तर ऐकणारा हसेल. तरीही काही माणसांनी हे प्रश्न गांभीर्याने विचारले आणि त्यांच्या उत्तरांसाठी आयुष्याची अनेक वर्षे वेचली.

आधी नावाचा थोडा घोळ निस्तरला पाहिजे. मराठी मुलखातला शेतकरी जिला ‘फळमाशी’ म्हणतो, ती आंबा, पेरू, काकडी यांना डंख करून पीक नासवणारी माशी आकाराने मोठी असून तिचे कुळ वेगळे आहे. येथे जिची कथा सांगायची आहे ती माशी म्हणजे घरातले साधे तांबड्या डोळ्यांचे चिलट. शास्त्रज्ञ तिला ‘ड्रोसोफिला मेलॅनोगास्टर’ म्हणतात. ‘ड्रोसोफिला’ म्हणजे दवावर प्रेम करणारी, आणि ‘मेलॅनोगास्टर’ म्हणजे काळ्या पोटाची. इतके काव्यमय नाव लाभलेली ही माशी प्रत्यक्षात मात्र दवापेक्षा आंबलेल्या फळांवर अधिक प्रेम करते. फळ आंबवणारे किण्व, म्हणजेच यीस्ट, हे तिचे आणि तिच्या अळीचे मुख्य अन्न होय.

अळीचे आयुष्य अवघे चार दिवसांचे. या चार दिवसांत ती दोनदा कात टाकते आणि तिचे वजन सुमारे २०० पट वाढते. खाणे हाच तिचा धर्म आणि खाणे हाच तिचा व्यवसाय. म्हणून अळी म्हणजे सरपटणारे तोंड, असा समज दीर्घकाळ रूढ होता. तिला पाय नाहीत, कान नाहीत. डोळ्यांच्या जागी डोक्याच्या दोन्ही बाजूंना डझनभर प्रकाशसंवेदी पेशींचा एकेक पुंजका असतो. त्यामुळे उजेड कोठे आहे एवढे तिला कळते, आणि ती बहुधा उजेडापासून दूर जाते. गराच्या अंधारात वावरणाऱ्या या जीवाला जग ओळखण्यासाठी मुख्यतः दोनच वाटा उरतात : वास आणि चव.

अळीच्या डोक्याच्या टोकाशी, उजवीकडे आणि डावीकडे, घुमटाच्या आकाराचा एकेक सूक्ष्म उंचवटा असतो. हेच तिचे नाक. प्रत्येक नाकात वास ओळखणाऱ्या चेतापेशी किती? फक्त २१. माणसाच्या नाकात अशा पेशी लक्षावधी असतात. प्रौढ चिलटाजवळसुद्धा त्या एका बाजूला हजाराहून अधिक असतात. अळीला मात्र निसर्गाने मोजून एकवीस दिल्या आहेत, आणि त्यातही काटकसर अशी की जवळजवळ प्रत्येक पेशी दुसरीपेक्षा निराळी. एखादी पेशी पिकल्या फळातून निघणाऱ्या विशिष्ट द्रव्याने उत्तेजित होते, दुसरी भलत्याच द्रव्याने. हार्मोनियमला एकवीसच पट्ट्या असाव्यात आणि प्रत्येक सूर एकदाच यावा, तशी ही रचना आहे. पण एक वास म्हणजे एक पट्टी असे नाही. बहुतेक वासांनी एकाच वेळी अनेक पेशी कमीअधिक प्रमाणात जाग्या होतात आणि त्यांच्या मेळातून त्या वासाची ओळख ठरते. म्हणूनच एकवीस पेशींच्या बळावर अळीला एकवीसाहून कितीतरी अधिक वास ओळखता येतात.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये या काटकसरीची परीक्षा पाहिली. जनुकांमध्ये फेरफार करून त्यांनी अशा अळ्या तयार केल्या, की त्यांच्या प्रत्येक नाकात एकाच प्रकारची पेशी काम करीत होती, बाकीच्या साऱ्या मुक्या. तरीही त्या अळ्या फळाच्या काही वासांकडे सरपटत गेल्या. पुढे २००८ मध्ये असेही दिसून आले, की एकाच बाजूचे नाक चालू ठेवले तरी अळी वासाचा उगम शोधते. दोन्ही नाके चालू असली तर अधिक नेमकेपणाने शोधते, एवढेच.

एका पेशीवर हे कसे साधते? अळीची दोन नाके एकमेकींना इतकी चिकटून आहेत, की डावीकडचा वास अधिक की उजवीकडचा, हे केवळ तुलनेने ठरवणे कठीण. त्यावर तिने शोधलेली युक्ती मोठी सुंदर आहे. ती पुढे सरकत राहते आणि मघाचा वास व आताचा वास यांची तुलना करते. वास वाढत असेल तर तशीच पुढे जाते. वास मंदावू लागला की थांबते, डोके एकदा एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला फिरवून हवा चाचपते आणि जिकडे वास अधिक भरेल तिकडे वळते. अंधाऱ्या खोलीत चाचपडणारा माणूस हात जसा फिरवतो, तशीच ही हालचाल. मघाचे आणि आताचे ताडून पाहायचे तर मघाचे क्षणभर तरी लक्षात राहिले पाहिजे. म्हणजे साधा वास घेण्यातही या अळीला स्मरणाचा एक कण लागतोच.

चवीची व्यवस्था अधिक विखुरलेली आहे. डोक्याच्या टोकाशी आणि घशाच्या आत अशा अनेक ठिकाणी तिच्या चवीच्या पेशी आहेत. फळातील साखरेकडे, म्हणजे फ्रुक्टोजकडे, ती ओढली जाते. क्विनीनसारख्या कडू पदार्थापासून मागे फिरते. मिठाच्या बाबतीत तिचा स्वभाव कोणत्याही मराठी स्वयंपाकघराला पटण्याजोगा आहे : चिमूटभर असेल तर आवडते, मूठभर असेल तर नको. घशातील चवीच्या काही पेशी मात्र विशेष महत्त्वाच्या आहेत. घास आत गेल्यावर तो खरोखरच खाण्याच्या लायकीचा आहे की नाही, याची अखेरची शहानिशा तेथे होते.

आता या प्रश्नांमागची माणसे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांना १९१० मध्ये तांबड्याऐवजी पांढऱ्या डोळ्यांची एक माशी सापडली आणि तिच्या आधारे जनुके गुणसूत्रांवर असतात हे सिद्ध करण्याची वाट मोकळी झाली. तेव्हापासून हे चिलट प्रयोगशाळेत कायमचे वस्तीला आले. डोळ्याचा रंग जर एका जनुकातील बदलाने बदलतो, तर वागणूकही तशीच बदलेल काय, हा प्रश्न साठीच्या दशकात कॅलिफोर्नियातील सीमोर बेंझर यांनी विचारला. या बेंझर यांच्याबरोबर सत्तरीच्या दशकाच्या प्रारंभी काम करून परतलेले एक भारतीय शास्त्रज्ञ म्हणजे ओबेद सिद्दिकी. उत्तर प्रदेशातील बस्ती येथे १९३२ मध्ये जन्मलेले आणि अलिगढ व ग्लासगो येथे शिकलेले सिद्दिकी १९६२ मध्ये होमी भाभांच्या निमंत्रणावरून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले होते. भौतिकशास्त्र आणि गणित यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कुलाब्याच्या त्या समुद्रकाठच्या वास्तूत त्यांनी जीवशास्त्राचा विभाग उभा केला.

तेथे त्यांच्याकडे एक तरुण विद्यार्थिनी आली. व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांचे आईवडील मूळचे गोव्याचे. त्यांचा जन्म १९५३ मध्ये केनियात झाला, शिक्षण युगांडात आणि पुढे डब्लिनमध्ये झाले. आफ्रिका आणि युरोप ओलांडून ही मुलगी मुंबईत आली ती चिलटांचे नाक आणि जीभ समजून घेण्यासाठी. गुरुशिष्यांच्या या जोडीने १९७८ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. वासाची किंवा चवीची जाण बिघडलेल्या माश्या त्यांनी हजारो माश्यांमधून निवडून काढल्या होत्या आणि तो बिघाड कोणत्या जनुकांत आहे याचा माग घेतला होता. वास ओळखणारी ग्राहक जनुके सस्तन प्राण्यांत सापडली १९९१ मध्ये, आणि चिलटात १९९९ मध्ये. म्हणजे नाकाच्या कुलपाची किल्ली जगात कोणाच्याही हाती नव्हती, तेव्हा मुंबईत बसून ही दोघे बिघडलेली कुलपे गोळा करीत होती. विज्ञानाच्या इतिहासात शोधाचा मान बहुधा किल्ली सापडणाऱ्याला मिळतो. कुलपे गोळा करणाऱ्यांची आठवण कमी ठेवली जाते.

अळीवर प्रयोग करण्यात एक अडचण आहे. मुलांच्या खेळात ‘अळीमिळी गुपचिळी’ म्हटले की तोंड उघडायचे नसते. खरी अळी तर जन्मभर गुपचिळीच धरून असते. तिला काय जाणवते हे तिला विचारून कळणार नाही. ती कोठे जाते एवढेच पाहता येते. म्हणून प्रयोगाची रीत अगदी साधी ठेवावी लागते. काचेच्या सपाट बशीत जेलीचा पातळ थर ओतायचा, एका कडेला वासाचा थेंब ठेवायचा, समोरच्या कडेला काहीच नाही किंवा दुसरा वास. मधोमध अळ्या सोडायच्या. काही मिनिटांनी कोणत्या बाजूला किती गेल्या ते मोजायचे. मग पुन्हा, आणि पुन्हा. या कामाला भारी यंत्रे लागत नाहीत. लागते ती चिकाटी आणि आपल्याच आवडत्या उत्तरावर विश्वास न ठेवण्याची सवय.

चिलटाला शिकता येते हे १९७४ मध्ये बेंझर यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले. एका वासाबरोबर विजेचा सौम्य धक्का दिला, की माश्या पुढे तो वास टाळू लागल्या. अळीही तसे शिकते हे १९७९ मध्ये सिद्ध झाले. दरम्यान, १९७६ मध्ये न शिकणारी पहिली माशी जगासमोर आली होती. तिच्यातील सदोष जनुकाला ‘डन्स’, म्हणजे सरळ मराठीत ‘ढ’, असे नाव देण्यात आले. पुढच्या अशाच सदोष जनुकांना सलगम आणि मुळा यांच्या जातीतील भाज्यांची नावे मिळाली, त्यावरून नावे ठेवणाऱ्यांच्या मनात काय होते ते ओळखावे! ‘ढ’ हा शब्द शाळेच्या मागच्या बाकावर ज्याने कधी ऐकला असेल, त्याला त्याची धार माहीत असते. म्हणून या माशीची पुढे झालेली तपासणी मुद्दाम सांगण्यासारखी आहे. तिचे नाक शाबूत होते, धक्काही तिला जाणवत होता. तिला शिकताच येत नव्हते असेही नाही. शिकलेले फार लवकर पुसले जात होते. पेशीच्या आत आठवण पक्की करण्यात भाग घेणारे एक द्रव्य प्रमाणात ठेवणारा घटक तिच्यात सदोष होता. दोष एका रेणूच्या हिशोबात होता आणि नाव मात्र साऱ्या जीवाला चिकटले.

सिद्दिकी हे अळीच्या शिक्षणाकडे उतारवयात पुन्हा वळले. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राची स्थापना करून आणि ते नावारूपाला आणूनही त्यांनी प्रयोगाचे टेबल सोडले नाही. विजेच्या धक्क्याशी जोडलेला वास अळी किती काळ टाळते, तिच्या स्मृतीत अल्पकालीन, मध्यम आणि दीर्घकालीन असे टप्पे कसे पडतात, आणि ‘ढ’ ठरवलेल्या अळ्यांत यांपैकी नेमका कोणता टप्पा उणा पडतो, याचा हिशोब मांडणारा निबंध त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २००९ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हा ते ७७ वर्षांचे होते. रॉड्रिग्ज यांचे निधन २०१० मध्ये झाले, सिद्दिकींचे २०१३ मध्ये.

शिक्षेने शिकणे एक, बक्षिसाने शिकणे दुसरे. बक्षिसाने होणारे शिक्षण जर्मनीतील बर्ट्राम गेर्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशय बारकाईने तपासले. त्यांच्या पद्धतीत अळीला साखर मिसळलेल्या जेलीवर काही मिनिटे ठेवतात आणि त्या वेळी एक वास देतात, उदाहरणार्थ केळ्याची आठवण करून देणारा अमिल अ‍ॅसिटेटचा. नंतर साध्या जेलीवर दुसरा वास. असे तीनदा करून मग दोन्ही वासांमध्ये निवड करायला लावतात. अळी बहुधा साखरेच्या सोबत्याकडे जाते. परंतु तिला तो वास मुळातच आवडत असेल तर? म्हणून दुसऱ्या अळ्यांना नेमके उलटे शिकवले जाते : साखर दुसऱ्या वासाबरोबर. दोन्ही गटांच्या वागण्यातील फरक हाच शिक्षणाचा पुरावा.

या प्रयोगांतील सर्वांत विचार करायला लावणारा निष्कर्ष २००६ मध्ये आला. साखरेशी जोडलेला वास शिकलेल्या अळ्यांची परीक्षा साध्या जेलीवर घेतली, तर त्या त्या वासाकडे जातात. तीच परीक्षा साखरेच्या जेलीवर घेतली, तर जात नाहीत. पायाखाली साखर असताना साखर शोधायला जायचे कशाला? कडू क्विनीनशी जोडलेल्या वासाचे नेमके उलट. साध्या जेलीवर अळ्या तो वास टाळत नाहीत, कारण तेथे पळून जाण्यासारखे काही नसते. क्विनीनच्या जेलीवर ठेवताच मात्र त्यांना आपला धडा आठवतो आणि त्या त्या वासापासून दूर सरकतात. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला आवाज ऐकताच लाळ सुटत असे. ती आवाजाला दिलेली यांत्रिक प्रतिक्रिया होती की अन्नाची अपेक्षा, हा वाद जुना आहे. अळीच्या बाबतीत तरी उत्तर अपेक्षेच्या बाजूने झुकते. शिकलेली गोष्ट तिच्याजवळ असते, पण ती वापरून काही पदरात पडणार असेल तरच ती वापरते. म्हणून परीक्षेत उत्तर दिले नाही म्हणजे येत नाही, असे या अळीविषयी म्हणता येत नाही. परीक्षकाने अयोग्य जागी प्रश्न विचारलेला असू शकतो. यावरून अळी ‘विचार’ करते असे म्हणणे घाईचे होईल. ती निव्वळ कळसूत्री बाहुली आहे असे म्हणणेही आता तितकेच अवघड झाले आहे.

हे सारे घडते ते अळीच्या मेंदूत अळंबीच्या आकाराचा एक भाग असतो तेथे. नाकातील एकवीस पेशींचा निरोप एका मधल्या ठाण्यावरून या भागातील पेशींपर्यंत पोहोचतो आणि प्रत्येक वासासाठी त्यांपैकी मोजक्याच पेशी जाग्या होतात. दुसऱ्या बाजूने साखरेची बातमी डोपामिन हे द्रव्य सोडणाऱ्या मूठभर पेशी घेऊन येतात. वासाचा निरोप आणि डोपामिन एकाच वेळी एकाच ठिकाणी पोहोचले, की त्या वासाच्या पेशींचे पुढच्या पेशींशी असलेले जोड बदलतात. आठवण म्हणतात ती हीच : जोडाच्या बळात पडलेला फरक. केंब्रिज आणि जॉन्स हॉपकिन्स या विद्यापीठांतील संशोधकांनी २०२३ मध्ये सहा तासांच्या अळीच्या मेंदूचा संपूर्ण नकाशा प्रसिद्ध केला. त्यात ३,०१६ चेतापेशी आणि त्यांच्यामधील सुमारे ५,४८,००० जोड एकेक करून नोंदवलेले आहेत. माणसाच्या मेंदूत चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी. तुलना करण्यातच अर्थ नाही. तरी वास, चव आणि त्यांना जोडणारी आठवण यांसाठी तीन हजार पेशी पुरतात, ही गोष्ट उरतेच.

चार दिवस पुरे झाले की अळी खाणे थांबवते, ओल सोडून कोरड्या जागी चढते आणि कोष करते. कोषाच्या आत मोडतोड सुरू होते. ज्या एकवीस पेशींनी तिला जग दाखवले, त्या नष्ट होतात. माशीचे नाक नव्याने घडते. मग अळीने शिकलेले माशीला आठवते काय? कोषात जाण्यापूर्वी शिकवलेला धडा माशीच्या वागण्यात दिसतो, असे १९९४ मध्ये काही संशोधकांनी प्रसिद्ध केले. १९९९ मध्ये इतरांनी प्रयत्न करून पाहिला, त्यांना तसे काही आढळले नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. येथे मात्र जीव न मरताच त्याचा मेंदू उलगडून पुन्हा विणला जात होता. अळीच्या स्मृतिस्थानातील एकेक पेशी कोषाच्या आत कोठे जाते याचा माग घेणारे संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. काही पेशी आपले जुने धागे आवरून घेतात आणि नवे पसरवतात. काही आपली जागा सोडून माशीच्या मेंदूत भलत्याच कामाला लागतात. त्यांच्या जागी नव्या पेशी येतात. अळीने बांधलेली एखादी आठवण या सगळ्यातून जशीच्या तशी पार होईल, अशी वाट त्या संशोधकांना दिसली नाही. चारपाच दिवसांनी कोष फुटतो आणि माशी बाहेर येते. तिचे पंख अजून चुरगळलेले असतात आणि तिच्या नव्या नाकातील हजाराहून अधिक पेशींना वास घ्यायचा असतो तो पहिल्यापासून.